चौकोनी दिव्यांची मैना

१. चोराची आवड

चोर बरेच असतात आणि चोरीच्या तऱ्हाही बऱ्याच. पण इतकी वाईट आवड असलेला चोर त्या गोदामाने कधी पाहिला नव्हता.

उंच पत्र्याचं गोदाम, आत ओळीने उभ्या जुन्या मोटारी, प्रत्येकीवर करड्या कापडाचं कव्हर. किल्ल्या दाराजवळच्या फळीवर, खिळ्याखिळ्याला टांगलेल्या. ज्याला जी हवी ती घेऊन जा, असंच म्हटल्यासारखं. त्यात लांबलचक नाकाच्या होत्या, चामडी गाद्यांच्या होत्या, नुसतं दार लावलं तरी कान तृप्त व्हावा अशा होत्या. आणि हे सगळं सोडून चोराने उचलली कोणती? मास्तरांची चौकोनी मैना! सोनाराच्या पेढीत शिरावं आणि कोपऱ्यातला झाडू घेऊन पळावं, त्यातली गत.

‘मैना’ हे त्या छोट्या गाडीचं कारखान्याने ठेवलेलं नाव. गोल दिव्यांच्या मैनेवर लोक जीव टाकत. मध्ये एकच वर्ष कारखान्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने मैनेला चौकोनी दिवे लावले. लोक पोट धरून हसले. ‘चष्मेवाली मास्तरीण’ म्हणू लागले. पुढच्या वर्षी कारखान्याने निमूटपणे गोल दिवे परत आणले, आणि ते एक साल पंक्तीतून उठवल्यासारखं बाजूला पडलं.

मास्तरांनी नेमकी तीच घेतली होती. शाळेतून निवृत्त झाले, पत्नी गेली, केस पिकले. मैना मात्र होती तशीच होती. आज प्रदर्शनाचा दिवस. भल्या सकाळी गाडी पुसायला ते फडकं घेऊन आले, तर तिची जागा रिकामी. करडं कव्हर घडी घालून भिंतीशी ठेवलेलं.

“घडी घालून?” मेव्हणीने विचारलं.

ही मेव्हणी म्हणजे मास्तरांच्या पत्नीची धाकटी बहीण. विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासण्यात तिचा जन्म गेला होता, म्हणून सगळे तिला सर्व्हेअरबाई म्हणत. चेपलेल्या पत्र्यावरून ती ड्रायव्हर कुठे बघत होता ते सांगायची. मास्तरांनी सगळ्यांत आधी तिलाच बोलावलं होतं.

“हो. चांगली चौपदरी,” मास्तर म्हणाले. “शिस्तीचा दिसतो.”

“भाऊजी, तुमचा विद्यार्थी असेल.”

मास्तर हसले, पण हातातलं फडकं त्यांनी उगाचच पिळलं.

क्लबचे अध्यक्ष धापा टाकत आले. त्यांनी ओळीवर नजर फिरवली आणि छातीवर हात ठेवला. ओळीत एकच कव्हर निळं होतं, सोनेरी काठाचं. गेल्या वर्षीच्या विजेत्याला क्लबने मानाने दिलेलं. ते मास्तरांच्या जागेला लागूनच होतं.

“देवाची कृपा! निदान डॉक्टरांची गाडी वाचली.” मग ते फाटकाजवळच्या पहारेकऱ्याकडे वळले. “आणि तू! झोपला होतास ना रात्री?”

“झोपलो होतो,” पहारेकरी म्हणाला.

झालं! एवढं ऐकताच अध्यक्षांचा पारा चढला. “ऐकलंत? वर तोंड करून सांगतोय! दुपारी परीक्षण आहे. तोवर गाडी सापडली नाही, तर आपलं चंबूगबाळं उचल आणि खोली रिकामी कर.”

फाटकाजवळची ती खोली हेच पहारेकऱ्याचं आणि त्याच्या बायकोचं घर. नोकरीबरोबर छप्परही जाणार होतं. पण तो गयावया करणाऱ्यांतला नव्हता. मुळात तो कुणालाच आवडत नसे. तोंडाचा फटकळ, कपाळाला सदा आठ्या.

“गाडी गेली नाही,” तो एवढंच म्हणाला.

“मग ही रिकामी जागा काय मला स्वप्नात दिसतेय?” अध्यक्ष ओरडले.

सर्व्हेअरबाई मात्र जागेकडे न बघता गुडघ्यावर बसून फरशी बघत होती. ओळीतल्या प्रत्येक गोल दिव्याच्या मैनेखाली हातभर काळपट डाग होता. उभ्या उभ्या कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकायचं, ही त्या जातीची जुनी खोड. दोनच जागा स्वच्छ होत्या. एक मास्तरांची, एक निळ्या कव्हराखालची.

“डॉक्टर गाडी ठेवतातच देव्हाऱ्यासारखी,” अध्यक्ष कौतुकाने म्हणाले.

“हं,” बाई म्हणाली, आणि गुडघे झाडून उठली.

२. ज्याच्या त्याच्या मनातली मैना

“काल संध्याकाळी कोण कोण होतं इथे?” तिने मास्तरांना विचारलं.

मागच्या कचेरीत चहा होता. अध्यक्ष, दलाल, दातांचे डॉक्टर आणि मास्तर. आणि त्या चहावर मास्तर आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोलले होते. दरवर्षी त्यांची गाडी मैदानाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे उभी करत. यंदा कारखान्यातले एक वृद्ध इंजिनिअर परीक्षक म्हणून येणार होते. त्यांनी होऊन निरोप धाडला होता, ‘चौकोनी मैना मधोमध ठेवा.’

“मी म्हटलं, उद्या मी तिचं पोट उघडून सगळ्यांना दाखवणार आहे. या एका सालात काय काय होतं आणि नंतर काय काय गेलं, ते. समोरच्या काचेखाली वाऱ्याची झडप आहे, उन्हात बसलं तरी पाय गार राहतात. ब्रेक असे की लहान मूल दाबेल. आणि माझ्या सीटखाली...”

“पेट्रोलचा कॉक,” बाई म्हणाली.

“तुझ्या लक्षात आहे?”

विसरणार कशी? ती गाडी चालवायला शिकली ती याच मैनेवर. पहिला धडा गिअरचा नव्हताच. ‘गाडी लावलीस की आधी हात सीटखाली घालायचा, कॉक फिरवायचा, मग उतरायचं,’ असा दंडक होता. कॉक बंद केला की पेट्रोल ठिबकत नाही, म्हणून मास्तरांची फरशी स्वच्छ. लोक दिव्यांना हसले, म्हणून कारखान्याने दिवे काढले आणि त्यांच्यासोबत झडप काढली, कॉकही काढला. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

“इतक्या वर्षांत क्लबात कुणी वाकून बघितलं नाही हो,” मास्तर म्हणाले. “चेहऱ्याला हसून पुढे गेले.”

“माझ्या ताईनेच निवडली होती ना ही?”

“दुकानात सगळे गोल दिव्यांसाठी नाव नोंदवून थांबलेले. ही कोपऱ्यात उभी. ती म्हणाली, हिला कुणी घरी नेत नाही, आपण नेऊ या. झालं, आणली.” त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. “मेव्हणीबाई, माझं सोड. मला गाडी नाही मिळाली तरी मी रडणार नाही. पण त्या माणसाचं घर जाता कामा नये. माझ्या वस्तूपायी कुणी उघड्यावर पडलं, तर मी तुझ्या बहिणीला वर जाऊन काय सांगू?”

दलाल मैदानावर खुर्च्या मांडून घेत होता. गोड बोलणारा, आणि हसला की डोळे मिटणारा. त्याचा धंदा जुन्या गाड्यांचा; चौकोनी मैना दिसली की तो ती सुटी करून विकायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“माझ्यावर संशय घ्या, हक्काने घ्या,” तो म्हणाला. “मी कालच म्हणालो होतो, चौकोनी उभी असण्यापेक्षा सुटी झालेली बरी. तिचे ब्रेक काढून गोल दिवेवालीला बसवले की गिऱ्हाईक खूश.”

“म्हणजे तिचे गुण दुसरीच्या नावावर.”

“जगाची रीत, बाई! पण मला चोरायची गरज काय? मास्तर कधीतरी थकतील आणि देऊन टाकतील. मी वाट बघण्यात पटाईत आहे.”

“चहा सोडून मध्येच कोण उठलं होतं?”

“मी फोनवर बोलायला व्हरांड्यात गेलो. डॉक्टर गाडी धुवायची म्हणून गोदामात गेले. चहाला हात नाही लावला बिचाऱ्यांनी.”

“एंजिन चालू झाल्याचं ऐकलंत?”

“गोदामात एंजिन चालू होतंच असतं हो! चुलीजवळ धूर आला म्हणून कुणी दचकतं का?”

एवढ्यात मैदानाच्या टोकाला शिट्ट्या वाजल्या. गोल दिव्यांची एक मैना झुलत आत आली. लोण्यासारखा रंग, आरशासारखी चकाकी. लोक आपसूक बाजूला झाले. दातांचे डॉक्टर आले होते. सडपातळ, अबोल, हसताना ओठ न उघडणारा माणूस. त्यांनी गाडी आखलेल्या चौकटीत लावली, एंजिन बंद केलं. मग क्षणभर खाली वाकून, सीटखाली काही पडलं असावं तसा हात घातला, आणि उतरले.

“काय सांडलं डॉक्टर?” दलालाने विचारलं.

“काही नाही.” ते मास्तरांकडे गेले. “ऐकलं मी. फार वाईट झालं.”

सर्व्हेअरबाईच्या उजव्या हाताला मात्र उगाच काहीतरी आठवल्यासारखं झालं. तिने मूठ उघडली आणि मिटली. हाताला जे उमगलं होतं ते डोक्यापर्यंत पोचायला अंमळ वेळ लागणार होता.

३. कुठे झोपतोस ते विचारा

पहारेकऱ्याची बायको अंथरुणाची वळकटी बांधत होती. एक सुंभाची खाट दाराबाहेर उभी करून ठेवली होती. तो पायरीवर बसून विळीसारखी धारदार नजर रस्त्यावर लावून होता.

“मामा,” बाई शेजारी टेकली, “तुम्ही रात्री झोपता?”

“झोपतो. माणूस आहे. सगळे विचारतात झोपतोस का. कुठे झोपतोस ते कुणी विचारत नाही.”

“कुठे झोपता?”

त्याने बोट केलं. फाटकाच्या दोन खांबांमध्ये फरशीवर चार पायांच्या खुणा पडल्या होत्या, वर्षानुवर्षांच्या.

“फाटक आत उघडतं. त्याला खाट आडवी लावतो आणि वर मी. मला उचलल्याशिवाय मुंगी बाहेर जाणार नाही. आणि मला उचलणं सोपं नाही, हिला विचारा.”

“घोरतात तेव्हा खाट सरकते, तेवढीच,” आतून बायको म्हणाली.

बाईला हसू आवरेना. “पण खाट टाकायच्या आधी? संध्याकाळी काही लोक गाड्या घेऊन गेले ना?”

“गेले की. सगळ्या गोल तोंडाच्या. ती चौकोनी गेली असती तर मला कळलं असतं.”

“कसं?”

“मी हसतो ना तिला! मास्तर फाटकातून निघाले की मी रोज हसतो. मास्तर हात करतात, मी हसतो. तिचं तोंडच तसं आहे, काय करू! काल मी हसलो नाही. म्हणजे ती गेली नाही.” तो उसासा टाकून म्हणाला, “आता हे त्या अध्यक्षाला सांगू? म्हणेल, वर थट्टा करतो.”

बाई उठून उभी राहिली. तपासनिसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की समोरचा माणूस खोटं बोलत असेल हे धरून चाललेलं सगळं गणित अडतं, आणि तो खरं बोलत असेल एवढं एकदा धरलं की दारं आपोआप उघडायला लागतात. पहारेकरी सकाळपासून एकच वाक्य बोलत होता. ते वाक्य अजून कुणी नीट ऐकूनच घेतलं नव्हतं.

गाडी गेली नाही.

सगळे रिकाम्या जागेकडे बघत होते. भरलेल्या जागांकडे कोण बघतो?

“मामा, वळकटी बांधू नका,” ती म्हणाली. “आणि खाट आडवी टाकून ठेवा.”

४. निळं कव्हर

परीक्षण सुरू व्हायच्या आत तिने चौघांना गोदामात आणलं. अध्यक्ष घड्याळ बघत होते, दलाल दातकोरणं चघळत होता, मास्तर फडकं हातात घेऊनच आले होते. डॉक्टर सगळ्यांच्या मागे होते. पहारेकरी दारात उभा राहिला.

“अध्यक्षसाहेब,” बाई म्हणाली, “सकाळी तुम्ही म्हणालात, डॉक्टरांची गाडी वाचली. कशावरून?”

“म्हणजे काय? ते बघा, निळं कव्हर! आत गाडी दिसते की.”

“आणि मैदानावर आत्ता डॉक्टरांची म्हणून कोणती गाडी उभी आहे?”

अध्यक्षांनी मैदानाकडे पाहिलं, मग निळ्या कव्हराकडे. दलालाने दातकोरणं काढून खिशात ठेवलं.

“मैना गोल असो की चौकोनी, अंगकाठी एकच. कव्हर घातलं की बहिणी बहिणी. मामा, तुम्ही काढा ते कव्हर.”

“खबरदार!” अध्यक्ष सवयीने ओरडले. “मानाचं आहे ते, त्याला असातसा हात...”

“थांबा,” डॉक्टर पुढे आले. त्यांनी खिशातून एक किल्ली काढून मास्तरांच्या हातावर ठेवली, आणि निळ्या कापडाचं टोक स्वतः धरून हळूच ओढलं.

दोन चौकोनी डोळे सगळ्यांकडे बघू लागले. दारात पहारेकरी फिसकन हसला. “आलं बघा मला हसू,” तो म्हणाला, “तीच आहे.”

मास्तरांनी धावत जाऊन दार उघडलं. काचा बोटभर खाली होत्या, आत कोंदट होऊ नये म्हणून. आरशावर मऊ कापडाची घडी. त्यांनी सीटखाली हात घातला आणि चमकून वर पाहिलं.

“कॉक बंद आहे. काल एकदाच मी उघडा ठेवला होता, सकाळी लगेच काढायची म्हणून.”

“चोराने बंद केला,” बाई म्हणाली. “स्वतःची गाडी बाहेर काढली, तिच्या जागी, दोन ढांगांवर, ही नेली, आणि ती ठिबकू नये म्हणून कॉक बंद करून उतरला. जो माणूस या सालच्या गाडीत वाढला आहे त्यालाच हे सुचेल. सुचेल म्हणते ते चूक, त्याच्या हाताला न सांगता जमेल. डॉक्टर, सकाळी मैदानावर गाडी लावून तुम्ही वाकलात. काय सांडलं होतं?”

डॉक्टर हातातल्या निळ्या कापडाची घडी घालू लागले.

“तुमच्या जागेखाली डाग नाही. गोल दिव्यांची एकही मैना ठिबकल्याशिवाय राहत नाही, तुमची राहते. कारण ती गोल दिव्यांची नाहीच. कागदावर दोन्ही साली एकच नाव, दिव्यांचा आकार तिथे लिहीत नाहीत. आज भाऊजी झडप दाखवणार, कॉक दाखवणार. लोकांना एकदा कुठे बघायचं ते कळलं, की ते आधी शेजारच्या गाडीतच डोकावणार.”

“दाताला टोपी बसवावी तशी,” दलाल पुटपुटला, “अख्ख्या गाडीला?”

“मी नाही बसवली,” डॉक्टर म्हणाले. “बाबांनी घेतली होती नवी. शाळेच्या दारात उतरलो की पोरं हसायची. मी बाबांना सांगितलं, मला कोपऱ्यावरच सोडत जा. ते काही बोलले नाहीत. सुट्टी लागली, आणि एके दिवशी गाडी गोल दिवे लावून दारात उभी. झडप बुजवून रंगवलेली. मी उड्या मारल्या. बाबा नुसते बघत होते. मिस्त्री कॉकही काढत होता, तेवढा मात्र त्यांनी काढू दिला नाही. त्याला म्हणाले, चेहरा घे, तिचं शहाणपण राहू दे.” ते थांबले. “पुढे कप मिळत गेले. प्रत्येक कप घेताना वाटायचं, हा हिचा नाही. पण परत कसा करायचा? काल मास्तर बोलायला लागले आणि माझा चहा तसाच राहिला. फक्त परीक्षण होईपर्यंत लपवायची होती. निळ्या कापडाला हात लावायची कुणाची छाती होणार नाही, हे मला माहीत होतं.”

अध्यक्षांनी मान खाली घातली. छाती त्यांचीच झाली नव्हती.

मास्तर मैनेच्या टपावरून फडकं फिरवत होते. बराच वेळ ते तेच करत राहिले. मग म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही हिला ओरखडाही येऊ दिला नाहीत, ते मला दिसतंय. माझी माफी मागू नका. पण तिकडे दारात एक माणूस उभा आहे. आज त्याची वळकटी बांधून झाली होती.”

डॉक्टर वळले. दारापर्यंतचं अंतर काही फार नव्हतं, पण माणसाला चालून जायला कधीकधी जड जातं. ते पहारेकऱ्यासमोर उभे राहिले आणि हात जोडले. “चूक माझी होती आणि घर तुमचं जात होतं. मला क्षमा करा.”

पहारेकऱ्याला हे असलं काही सोसत नसे. “ठीक आहे, ठीक आहे,” तो आठ्या घालत म्हणाला. “एवढं काय. पण त्यांनाही तसं म्हणायला सांगा.”

‘त्यांना’ म्हणजे अध्यक्ष. अध्यक्षांनी घसा साफ केला, एकदा, दोनदा, आणि शेवटी त्यांनीही क्षमा मागितली.

५. वाकून बघण्याची गोष्ट

दुपारी मैदानाच्या मधोमध दोन मैना शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक चौकोनी दिव्यांची, एक गोल. गोल दिव्यांच्या गाडीपुढची सालाची पाटी डॉक्टरांनी स्वतः उलटी करून ठेवली होती. गेल्या सालचा कप बॉनेटवर होता. तो परत करायला काढलेला. जमलेल्या लोकांना त्यांनी आपल्या तोंडाने सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, “आता ज्याला बघायचंय त्याने वाका. खाली आहे ते, सीटखाली.”

आधी कुणी हलेना. मग वृद्ध परीक्षकांनी काठी बाजूला ठेवली, गुडघे टेकले आणि आत हात घातला. पितळी कॉक बोटांना लागला तसे त्यांचे डोळे भरून आले. “हा मीच काढला होता कागदावर,” ते म्हणाले. “वाटलं होतं, कुणी जपला नसेल.”

मग मात्र रांग लागली. ज्यांनी जन्मभर त्या तोंडाला नाकं मुरडली ते एकामागून एक गुडघ्यावर येत होते, मान लववत होते, हात घालून बघत होते. सर्व्हेअरबाईला वाटलं, देवळात तरी याहून वेगळं काय करतो आपण? रूप डोळ्यांना दिसतं, गुणासाठी वाकावं लागतं. आणि देवसुद्धा वाकल्याशिवाय कुणाला भेटत नाही.

मास्तर झडप उघडून दाखवत होते. तिथून आलेल्या वाऱ्याने एका चिमुरडीचे केस उडाले, ती खिदळली. मास्तरांनी हळूच वर पाहिलं, आभाळात कुणाला तरी सांगावं तसं.

“कप कुणाला देऊ?” अध्यक्षांनी कानात विचारलं.

“सालाला द्या,” परीक्षक म्हणाले.

दिवेलागणीला गाड्या गोदामात परतल्या. दोन्ही मैना आपापल्या जागी लागल्या. डॉक्टर आणि मास्तर एकाच वेळी वाकले, दोघांचे हात सीटखाली गेले, दोन कॉक एकदमच फिरले. उतरताना दोघांची नजर भेटली आणि डॉक्टर हसले. दात दाखवून हसले. छान होते त्यांचे दात.

“बाबांनी ते चौकोनी दिवे टाकून नाही दिले,” ते म्हणाले. “माळ्यावर आहेत, त्यांच्या लोकरी मफलरात गुंडाळलेले. मला एकट्याला बसवता येतील असं वाटत नाही.”

“रविवारी येतो,” मास्तर म्हणाले. “मेव्हणीबाईलाही आणतो. ती पत्रा बघून सांगेल, कुठे कुठे दुखलंय ते.”

मग झडपेबद्दल बोलणं निघालं, झडपेवरून ब्रेकवर गेलं, ब्रेकवरून डॉक्टरांच्या बाबांवर. निळं कव्हर कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. ते फळीवर तसंच पडून होतं. सर्व्हेअरबाई दाराशी टेकून ऐकत राहिली.

फाटकातून हाक आली, फटकळ आणि खणखणीत.

“आटपा लवकर! खाट आडवी टाकायचीय!”